गाजलेल्या गेम मालिका मुळात कोणत्या मशीनवर आल्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोणता गेम आधी कुठे आला यावर खेळणाऱ्यांमध्ये वाद होतच असतात. बहुतेक वेळा दोन्ही बाजू आपण तो पहिल्यांदा जिथे खेळलो तेच मशीन धरून बसलेल्या असतात. खाली नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. सालं आणि मशीनची नावं दिलीच आहेत, पण माझा जीव खरा अडकलाय तो एका गोष्टीत: पहिल्या मशीनला जे जमत नव्हतं, त्याच्या खुणा गेमच्या अंगावर पुढे कित्येक वर्षं राहतात. मशीन अडगळीत जातं, खूण तशीच राहते.

मुळात "सुरुवात" कुठून धरायची?

मालिकेतला पहिला गेम लोकांच्या हातात ज्या मशीनवर सगळ्यात आधी पडला, ते त्या मालिकेचं मूळ मशीन. गेम कुठल्या कॉम्प्युटरवर बसून लिहिला, आधी कशासाठी जाहीर झाला, पुढे कुठे गाजला, हे तिन्ही प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांची सरमिसळ झाली की वाद सुरू होतो. पात्र आणि मालिका यांतही फरक करावा लागतो, कारण कधीकधी पात्र आधी एका मशीनवर येतं आणि त्याच्या नावाची मालिका नंतर दुसऱ्याच मशीनवर सुरू होते. याचं सगळ्यात ठळक उदाहरण मारिओचं.

मारिओ तर निन्टेंडोच्या घरगुती कन्सोलवरचाच ना?

नाही. तो आर्केडमधून, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या मोठ्या मशीनवरून आला. १९८१ सालच्या डॉन्की काँगमध्ये तो पहिल्यांदा दिसला. तेव्हा तो प्लंबर नव्हता, सुतार होता, आणि त्याला जंपमॅन म्हणत.

डॉन्की काँग तयार झाला तो अडचणीतून. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेने रडार स्कोप नावाच्या गेमची ३,००० मशीनं मागवली होती आणि त्यातली सुमारे २,००० विकली न जाता गोदामात पडून राहिली. त्याच मशीनमध्ये बसेल असा नवा गेम काढायचं काम शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराकडे आलं. देखरेखीला गुनपेई योकोई होते. म्हणजे मियामोतोला मशीन निवडायची मुभाच नव्हती. समोर होतं त्या हार्डवेअरमध्येच सगळं बसवायचं होतं.

मारिओचा चेहरा आठवून बघा. एवढ्याशा चित्रात तोंड दाखवायला जागा नव्हती म्हणून मोठं नाक आणि मिशी. पळताना केस हलताना दाखवणं अवघड, म्हणून टोपी. हात शरीरापासून वेगळे दिसावेत म्हणून पट्ट्यांची डांगरी. आज मारिओ कितीही बारकाईने रंगवता येतो, तरी मिशी, टोपी आणि डांगरी कायम आहे. मारिओ हे नाव कंपनीच्या अमेरिकेतल्या गोदामाचे मालक मारिओ सेगाले यांच्यावरून पडलं.

१९८३ मध्ये मारिओ ब्रदर्स आला, तोही आर्केडवर. त्यात तो प्लंबर झाला आणि सोबत लुईजी आला. सुपर मारिओ ब्रदर्स मात्र १३ सप्टेंबर १९८५ ला थेट फॅमिकॉमवर, म्हणजे निन्टेंडोच्या जपानमधल्या घरगुती कन्सोलवर आला. म्हणून पात्राचं मूळ आर्केड आणि "सुपर मारिओ" मालिकेचं मूळ फॅमिकॉम, असं उत्तर द्यावं. हा अख्खा गेम ४० किलोबाइटमध्ये आहे. त्यातला ढग आणि जमिनीवरचं झुडूप नीट पाहिलं तर एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेला. जागा वाचवायची म्हटल्यावर एक चित्र दोनदा वापरलं.

आर्केडमधून आलेल्या आणखी मालिका कोणत्या?

भरपूर. पॅक-मॅन (१९८०, नामको), स्ट्रीट फायटर (१९८७, कॅपकॉम), काँट्रा (१९८७, कोनामी), मॉर्टल कॉम्बॅट (१९९२, मिडवे), टेकन (१९९४, नामको). काँट्राबद्दल लोक हमखास चुकतात, कारण बहुतेकांनी त्याची घरगुती आवृत्तीच खेळलेली असते. ती १९८८ ची. तीस जीव देणारा तो प्रसिद्ध कोड याच आवृत्तीतला.

स्ट्रीट फायटरची गोष्ट थोडी सविस्तर सांगायला हवी. पहिल्या गेमच्या एका प्रकारच्या मशीनवर दोन मोठी, दाबाला प्रतिसाद देणारी रबरी बटणं होती. जितक्या जोरात माराल तितका ठोसा जोरदार. दुसऱ्या प्रकारात सहा साधी बटणं होती: तीन ठोशांची, तीन लाथांची, हलकी-मध्यम-जोरदार. टिकला तो हा दुसरा प्रकार, आणि १९९१ चा स्ट्रीट फायटर टू सहा बटणांवरच उभा राहिला. पुढे तो घरगुती कन्सोलवर आणताना सेगाच्या मेगा ड्राइव्हची पंचाईत झाली, कारण त्याच्या कंट्रोलरला हल्ल्यासाठी तीनच बटणं होती. मग सेगाने सहा बटणांचा कंट्रोलर बाजारात आणला. कन्सोलच्या मर्यादेत गेम बसवण्याची उदाहरणं पैशाला पासरी मिळतात. गेमसाठी कन्सोलने आपला कंट्रोलर बदलल्याचं हे त्यांतलं दुर्मीळ उदाहरण.

टेकनच्या बाबतीत आर्केड आणि घर यांतलं अंतर जवळजवळ नव्हतंच. नामकोचं ते आर्केड हार्डवेअर सोनीच्या प्लेस्टेशनवरच आधारलेलं होतं. म्हणून १९९५ ला प्लेस्टेशनवर आलेला टेकन आर्केडसारखाच वाटतो.

आणि आर्केडचा विषय निघालाच आहे तर १९७८ चा स्पेस इन्व्हेडर्स सोडून पुढे जाता येत नाही. शत्रू कमी होत जातात तसे उरलेले वेगाने धावू लागतात, आणि शेवटचा एकटा तर सुसाट सुटतो. हे मुद्दाम ठरवलेलं नव्हतं. इतके शत्रू पडद्यावर हलवताना प्रोसेसरची दमछाक व्हायची. ते मरत गेले की त्याच्यावरचा भार कमी व्हायचा आणि उरलेले भराभर हलायचे. गेम बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी ते दुरुस्त न करता तसंच ठेवलं. "जसजसं पुढे जाल तसतसं अवघड" हा आज जवळपास प्रत्येक गेमचा नियम झालाय, आणि इथे तो एका दमलेल्या प्रोसेसरने घालून दिला.

झेल्डाचा पहिला भाग कॅसेटवर आला की डिस्कवर?

जपानमध्ये डिस्कवर. २१ फेब्रुवारी १९८६ ला फॅमिकॉमला जोडायचं डिस्क सिस्टीम नावाचं उपकरण बाजारात आलं आणि त्याच दिवशी द लेजंड ऑफ झेल्डा आला. या डिस्कवर लिहिता येत होतं, ही मोठी गोष्ट. खेळणारा आज थांबून उद्या तिथूनच पुढे सुरू करू शकत होता. एवढं मोठं जग आणि त्यात वाट्टेल तिकडे भटकायची मोकळीक ही कल्पना सेव्हच्या सोयीशिवाय कागदावरच राहिली असती, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेत डिस्क सिस्टीम आलंच नाही, म्हणून १९८७ मध्ये तिकडे सोनेरी रंगाची कॅसेट निघाली, आणि सेव्ह टिकावं म्हणून आत छोटी बॅटरी घातली.

या बदलात एक गोष्ट हरवली. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरवर छोटा मायक्रोफोन होता. झेल्डात पोल्स व्हॉइस नावाचा मोठ्या कानांचा शत्रू आहे. मायक्रोफोनमध्ये ओरडलं की तो मरायचा. फॅमिकॉमचीच परदेशातली आवृत्ती असलेल्या एनईएस कन्सोलच्या कंट्रोलरला मायक्रोफोन नव्हता, म्हणून तिथे त्याला बाणाने मारायची सोय केली. पण सोबतच्या माहितीपुस्तिकेत "याला मोठा आवाज सहन होत नाही" ही ओळ राहूनच गेली. ती वाचून मुलं गेममधली बासरी वाजवून पाहत बसायची आणि काही होत नाही म्हणून चक्रावायची. मूळ मशीन माहीत असल्याशिवाय ही ओळ कळणंच शक्य नाही.

मेट्रॉइड आणि कॅसलव्हेनिया हेही १९८६ मध्ये याच डिस्क सिस्टीमवर आले. मेट्रॉइडमध्ये जपानी खेळाडू डिस्कवर सेव्ह करत; परदेशातल्या कॅसेटवर मात्र लांबलचक पासवर्ड लिहून घ्यावा लागे.

मेटल गियर प्लेस्टेशनचा की एनईएसचा?

दोन्हींचा नाही. तो एमएसएक्स २ या घरगुती कॉम्प्युटरचा, साल १९८७. एमएसएक्स हे एका कंपनीचं मशीन नव्हतं. ठरवून दिलेल्या मापदंडानुसार अनेक कंपन्या ते बनवत.

कोनामीत नव्याने आलेल्या हिदेओ कोजिमांकडे युद्धाचा गेम बनवायचं काम आलं. पण एमएसएक्स २ वर एका आडव्या ओळीत मोजकीच हलती चित्रं दिसू शकत. त्याहून जास्त सैनिक आणि गोळ्या आल्या की काही चित्रं गायबच व्हायची. अशा मशीनवर धुमश्चक्री दाखवणार कशी? कोजिमांनी प्रश्नच उलटा केला: लढायचं नाही, लपायचं. शत्रू थोडे, पण त्यांच्या नजरेत यायचं नाही. लपूनछपून पुढे सरकण्याच्या गेमना यातून जो आकार आला तो आजवर टिकून आहे.

एनईएसची आवृत्ती कोजिमांच्या सहभागाशिवाय बनली आणि तिच्यात चक्क मेटल गियर हे यंत्रच पडद्यावर येत नाही. प्लेस्टेशनवरचा मेटल गियर सॉलिड १९९८ चा. जगभर नाव झालं ते त्याने, पण तोवर मालिकेला अकरा वर्षं झाली होती.

प्रिन्स ऑफ पर्शिया डॉसवरचा गेम आहे ना?

असं वाटणारे खूप आहेत, कारण बहुतेकांनी तो डॉसवरच, म्हणजे पीसीवरच्या जुन्या प्रणालीवरच पाहिला. पण मूळ आवृत्ती अ‍ॅपल टू या घरगुती कॉम्प्युटरवरची, १९८९ ची. डॉसची आली १९९० मध्ये.

मला सगळ्यात प्रिय असलेली मशीनची गोष्ट हीच, म्हणून जरा रेंगाळतो. जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढून राजपुत्राच्या हालचाली बनवल्या. राजपुत्र थांबताना दोन पावलं पुढे घसरतो, उडीआधी अंगाचा तोल सावरतो, कठड्यावर चढताना पाय आखडतो. तेव्हाच्या गेममध्ये असं काही नव्हतं. पण या सुंदर हालचालींनीच मशीनची मेमरी खाऊन टाकली. शत्रूची वेगळी चित्रं ठेवायला जागाच उरली नाही.

तरी गेममध्ये झुंज हवी, असा आग्रह एका सहकाऱ्याने लावून धरला होता. मग उपाय सापडला तो असा: राजपुत्राचीच चित्रं घ्यायची, एक पिक्सेल सरकवून ती मूळ चित्राशी एका साध्या गणिती क्रियेने मिसळायची. त्यातून तयार झाली लुकलुकणारी, पोकळ, भुतासारखी आकृती, आणि तिला नव्या चित्रांची मेमरी लागलीच नाही. हाच तो छायापुरुष. तो आरशातून बाहेर पडतो, राजपुत्राची शक्तीची कुपी पिऊन टाकतो, दरवाजा लावून घेतो. शेवटी त्याच्याशी लढाल तर त्याच्यावर पडणारा प्रत्येक वार स्वतःला लागतो. तलवार म्यान केली तरच दोघं एक होतात. गेममधला सगळ्यात खोल प्रसंग मेमरी संपल्यामुळे सुचला. जागा मुबलक असती तर तिथे दुसरा एखादा पहारेकरी उभा राहिला असता. (पहारेकरी नंतर आलेच, मेमरीची काटकसर करून जागा काढल्यावर.)

अ‍ॅपल टू तेव्हा उतरणीला लागलं होतं आणि मूळ आवृत्ती फारशी खपली नाही. इतर मशीनवरच्या आवृत्त्यांनी गेमला तारलं. याच मालिकेचा पुढचा भाग म्हणून सुरू झालेल्या कामातून २००७ चा असॅसिन्स क्रीड निघाला, आणि तो मात्र आला प्लेस्टेशन ३ व एक्सबॉक्स ३६० वर.

टेट्रिस गेम बॉयसोबत आला म्हणतात, खरं का?

गेम बॉय या निन्टेंडोच्या हातात धरायच्या कन्सोलसोबत तो घराघरात गेला, १९८९ मध्ये. जन्म १९८४ चा, मॉस्कोतला. सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणन केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो इलेक्ट्रॉनिका ६० या सोव्हिएत कॉम्प्युटरवर लिहिला. त्या कॉम्प्युटरला चित्र काढता येत नव्हतं, फक्त अक्षरं आणि चिन्हं. म्हणून टेट्रिसचे पहिले चौकोन चौकटी कंसांचे होते: एक उघडता, एक मिटता, झाला एक चौकोन. रंग आले ते आयबीएम पीसीच्या आवृत्तीत, आणि ती बनवण्यात वादिम गेरासिमोव या शाळकरी मुलाचा मोठा हात होता.

चित्राशिवायही जो गेम पूर्ण होता, तो गेम बॉयच्या हिरवट, एकरंगी पडद्यावर सहज नांदला यात नवल नाही.

डूम नेक्स्ट कॉम्प्युटरवर बनला. मग मूळ मशीन नेक्स्ट का नाही?

कारण खेळणाऱ्यांच्या हातात तो १० डिसेंबर १९९३ ला डॉसवर आला. आयडी सॉफ्टवेअरची मंडळी नेक्स्टच्या महागड्या कॉम्प्युटरवर बसून काम करत, नकाशे बनवायचं साधनही तिथलंच होतं, पण ते झालं कार्यशाळेतलं हत्यार. बाजारात आला तो डॉसचा गेम.

या मंडळींची सुरुवात आणखी बोलकी आहे. पीसीवर पडदा मारिओसारखा सुळकन सरकवता येत नाही, असा तेव्हा समज होता. जॉन कार्मॅक यांनी १९९० मध्ये युक्ती काढली: पूर्ण पडदा पुन्हा काढायचा नाही, बदललेले तुकडेच काढायचे. त्यावर त्यांनी सुपर मारिओ ब्रदर्स ३ ची पीसीवरची नमुना आवृत्ती करून निन्टेंडोला दाखवली. निन्टेंडोने नकार दिला. मग त्याच युक्तीवर कमांडर कीन हा स्वतःचा गेम आला, त्यानंतर वोल्फेनस्टाइन थ्रीडी आणि डूम.

वोल्फेनस्टाइनची मालिका मात्र त्यांची नव्हे. मूळ कॅसल वोल्फेनस्टाइन १९८१ चा, अ‍ॅपल टू वरचा, सायलस वॉर्नर यांचा. आणि तोही बराचसा लपूनछपून निसटण्याचाच गेम होता.

हेलो एक्सबॉक्ससाठीच बनवला होता?

आला मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर, जाहीर झाला अ‍ॅपलच्या मॅकवर. जुलै १९९९ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी मॅकवर्ल्डच्या मंचावरून तो दाखवला होता. तो बनवणारी बंजी ही तेव्हा मॅकवाल्यांची लाडकी कंपनी होती. २००० साली मायक्रोसॉफ्टने बंजी विकत घेतली आणि १५ नोव्हेंबर २००१ ला एक्सबॉक्ससोबत हेलो आला. मॅक आणि विंडोजच्या वाट्याला तो २००३ मध्ये आला. मॅकवाल्यांना तेव्हा किती लागलं असेल हे मी समजू शकतो, पण वर दिलेल्या नियमाने मूळ मशीन एक्सबॉक्सच.

रेसिंग, फुटबॉल आणि इतर नेहमीच्या मालिकांचं काय?

पटापट सांगतो. नीड फॉर स्पीड: १९९४, थ्रीडीओ, म्हणजे आज फारसं कुणाला आठवत नाही असा कन्सोल. रोड रॅश: १९९१, मेगा ड्राइव्ह, पीसीवरची ओळखीची आवृत्ती पुष्कळ नंतरची, १९९६ ची. फिफा: १९९३, मेगा ड्राइव्ह. टूम रेडर: ऑक्टोबर १९९६ मध्ये युरोपात आधी सेगा सॅटर्नवर, मग काही आठवड्यांत प्लेस्टेशन आणि डॉसवर. कॉल ऑफ ड्यूटी: २००३, विंडोज. रेसिडेंट इव्हिल: १९९६, प्लेस्टेशन, त्यातली सावकाश उघडणारी दारं सीडीवरून पुढची खोली वाचली जाईपर्यंतचा वेळ झाकण्यासाठी होती, आणि भीती वाढली ती त्या थांबण्यामुळेच.

ग्रँड थेफ्ट ऑटो १९९७ मध्ये पीसीवर आला, प्लेस्टेशनवर त्याच वर्षअखेरीस. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या डीएमए डिझाइनने तो रेस-एन-चेस नावाने सुरू केला होता. चाचणीत पोलिसांच्या गाड्या एका बिघाडामुळे वेड्यासारख्या अंगावर येऊ लागल्या आणि गेममध्ये जान आली ती तेव्हा. वरून दिसणारं ते शहर २००१ च्या तिसऱ्या भागात, प्लेस्टेशन २ वर, त्रिमितीय झालं.

फायनल फँटसीने निन्टेंडो का सोडलं?

जागेसाठी. पहिला भाग १९८७ चा, फॅमिकॉमवरचा, आणि पहिले सहा भाग निन्टेंडोच्याच कन्सोलवर. सातव्या भागासाठी स्क्वेअर कंपनीला लांबलचक चित्रफिती हव्या होत्या. निन्टेंडो ६४ कॅसेटवरच राहणार होता, आणि त्याची मोठ्यात मोठी कॅसेट पुढे जाऊनही ६४ मेगाबाइटपर्यंतच पोहोचली. एका सीडीत साडेसहाशेच्या आसपास मेगाबाइट मावत. १९९७ मध्ये सातवा भाग प्लेस्टेशनवर आला आणि त्याला सीडी लागल्या तीन.

भागांच्या आकड्यांवरूनही गोंधळ होतो. दुसरा, तिसरा आणि पाचवा भाग तेव्हा अमेरिकेत गेलेच नाहीत, म्हणून जपानमधला चौथा तिकडे दुसरा झाला आणि सहावा तिसरा. जुन्या कॅसेटवरचा आकडा पाहून वाद घालण्याआधी ती कोणत्या देशातली आहे ते बघावं.

पोकेमॉन रंगीत कन्सोल असताना गेम बॉयवर का आला?

केबलमुळे. २७ फेब्रुवारी १९९६ ला लाल आणि हिरवी आवृत्ती आली तेव्हा गेम बॉय सात वर्षांचा जुना होता. पण दोन गेम बॉय केबलने जोडता येत. तोवर केबल मुख्यतः एकमेकांना हरवण्यासाठी वापरली जायची. पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे. त्या केबलमधून किडे एका मशीनमधून दुसऱ्यात जाताहेत असं त्यांना दिसलं. म्हणून आवृत्त्या दोन, आणि प्रत्येकीत काही पोकेमॉन मुद्दाम गाळलेले. सगळे हवेत तर दुसऱ्या माणसाला भेटावंच लागतं. अदलाबदल हा खेळाचा गाभा आहे आणि तो गेम बॉयशिवाय सुचला नसता.

१५१ वा पोकेमॉन म्यू शेवटच्या क्षणी आत शिरला. चुका शोधायची साधनं काढून टाकल्यावर कॅसेटवर थोडी जागा मोकळी झाली, तिथे प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी तो बसवला. वर्षानुवर्षं चाललेल्या म्यूबद्दलच्या अफवांचं मूळ त्या चिमूटभर जागेत आहे.

काउंटर-स्ट्राइक, डोटा, पबजी यांचं मूळ मशीन कोणतं?

पीसी, पण एवढ्यावर थांबलं तर उत्तर अर्धंच राहतं. या तिन्ही दुसऱ्या गेमच्या पोटातून आल्या. काउंटर-स्ट्राइक १९९९ मध्ये हाफ-लाइफवर बेतलेला, मिन्ह ले आणि जेस क्लिफ यांनी केलेला फुकटचा बदल होता. हाफ-लाइफ बनवणाऱ्या वॉल्व्हने तो २००० मध्ये स्वतःचं उत्पादन म्हणून काढला. हाफ-लाइफचं इंजिन आयडीच्या क्वेक या गेमच्या इंजिनावरून आलेलं, म्हणजे धागा थेट आयडीपर्यंत जातो. डोटा हा वॉरक्राफ्ट ३ सोबत मिळणाऱ्या नकाशा-संपादकात बनलेला नकाशा. ब्रेंडन ग्रीन यांचा बॅटल रॉयाल आर्मा २ या गेमच्या डेझी या बदलावर उभा होता. त्यातून पुढे पबजी मार्च २०१७ मध्ये पीसीवर आला आणि २०१८ मध्ये मोबाइलवर.

तिन्हींचं मूळ पीसी असणं हा योगायोग नाही. त्या काळात कन्सोलवरच्या गेमच्या फाइलना खेळणाऱ्याला हात लावता येत नव्हता, पीसीवर येत होता.

माइनक्राफ्ट आधी मोबाइलवर आला का?

नाही. मे २००९ मध्ये मार्कुस पेर्सन यांनी तो कॉम्प्युटरसाठी खुला केला. जावा भाषेत लिहिला असल्यामुळे विंडोज, मॅक आणि लिनक्सवर तो चालू शकला. मोबाइलची आवृत्ती ऑगस्ट २०११ मध्ये एक्सपीरिया प्ले या फोनवर आली आणि ती सी++ मध्ये नव्याने लिहिलेली होती. आजही या दोन शाखा वेगळ्या आहेत. जावावर चालणारी रेडस्टोनची (गेममधल्या विजेसारख्या वस्तूची) जोडणी तशीच्या तशी दुसरीकडे मांडली तर कित्येकदा चालत नाही. त्यामुळे एखादी रचना शिकताना ती कोणत्या शाखेची आहे हे आधी पाहावं, नाहीतर तासन् तास वाया जातात.

नोकियाचा स्नेक?

फोनवर १९९७ मध्ये, नोकिया ६११० वर. पण वाढत जाणारी रेघ आणि स्वतःवरच आपटण्याचा धोका ही कल्पना १९७६ च्या ब्लॉकेड या आर्केड गेममधली, आणि तो दोघांनी समोरासमोर खेळायचा होता.

मूळ आवृत्ती आज खेळायला मिळेल का?

बऱ्याच मिळतात. कंपन्यांच्या जुन्या गेमच्या अधिकृत संग्रहांत पुष्कळदा देशानुसार वेगळ्या आवृत्त्या दिलेल्या असतात. पर्याय असेल तर आर्केडची किंवा जपानी आवृत्ती एकदा तरी उघडून पाहा. इंटरनेट आर्काइव्हवर अ‍ॅपल टू आणि डॉसचे पुष्कळ जुने गेम ब्राउझरमध्येच चालतात. आयडीने वोल्फेनस्टाइन थ्रीडीचा सोर्स कोड १९९५ मध्ये आणि डूमचा १९९७ मध्ये खुला केला, म्हणूनच डूम आज वाटेल त्या यंत्रावर चालताना दिसतो.

प्रिन्स ऑफ पर्शियाचा मूळ कोड हरवला असंच मेकनर धरून चालले होते. २०१२ मध्ये तो त्यांच्या वडिलांना घरातल्या कपाटात जुन्या फ्लॉपींच्या खोक्यात सापडला. जाणकारांच्या मदतीने फ्लॉपी वाचल्या गेल्या आणि कोड गिटहब या कोड ठेवायच्या संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवला गेला. ६५०२ प्रोसेसरची असेंब्ली भाषा वाचता येत असेल, तर राजपुत्राच्या चित्रांतून छायापुरुष कसा तयार होतो हे तिथे ओळीओळीने बघता येतं.